पावणेएकची दिंद्रुड

वीज गेली की आमच्या केजच्या स्टँडवरचा लाउडस्पीकर मुका व्हायचा, पण त्यापायी कुणाची गाडी चुकल्याचं मला आठवत नाही. कारण खिडकीत मन्मथअप्पा असायचे. ते कंट्रोलर होते. गाडी कधी आली, कधी सुटली ते वहीत लिहायचं, पुकारा करायचा आणि शिट्टी मारून गाडी सोडायची, हे त्यांचं काम. स्पीकर नसला की ते खिडकीच्या गजातून तोंड काढून ओरडत, "धारूर, दिंद्रुऽऽड! लेकरं मोजून घ्या!" ते शेवटचं वाक्य महामंडळाचं नव्हतं, अप्पांच्या पदरचं होतं. कुण्या बाईची मुलगी एकदा बाकड्यावर झोपून राहिली आणि गाडी निघून गेली, तेव्हापासून त्यांनी ते जोडलं होतं.

अंगानं बुटके, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि खाकी सदऱ्याला अशी इस्त्री की बाही हाताला लागावी. घर लिंगायत, केजच्या बाजारात भावाचं किराणा दुकान. तिथं सावलीत गादीवर बसायचं सोडून हे इथं धुरळा खात का बसतात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघावी लागती भागवता. हितं लोक माझी वाट बघतेत."

भागवत म्हणजे मी. कंडक्टर. तीसेक वर्षं घंटीची दोरी ओढली आणि मागच्या वर्षी सेवेतून निवृत्त झालो. माझ्याविषयी एवढं पुरे. खरं तर याहून कमी सांगायचं मनात होतं, पण पुढं जे सांगायचंय त्यात मला लपता येणार नाही.

अप्पांची एक सवय आम्ही सगळ्यांनी उचलली होती. ड्यूटीवर ते पाणी पीत नसत. सकाळी सहाला खुर्चीत बसले की दुपारी दोनपर्यंत घोट नाही. मे महिन्यात आमच्याकडं पत्र्याला हात लावला तर फोड येतो, तरीही नाही. विचारलं की म्हणत, "पानी पिलं की उठावं लागतं. मी उठलो आन् तेवढ्यात गाडी आली तर?" आम्ही कंडक्टर-ड्रायव्हर मंडळी हे मोठं शौर्य समजायचो. नव्या पोरांना सांगायचो, अप्पासारखं व्हा. ती किती घातक शिकवण होती, ते कळायला फार वर्षं लागली.

वेळेच्या बाबतीत माणूस निर्दय होता. एकदा सकाळी साडेसातच्या बीड गाडीसाठी एका पुढाऱ्याचा माणूस धावत आला. साहेबांचे पाहुणे निघालेत, दहा मिनिटं थांबवा म्हणाला. अप्पांनी घड्याळ बघितलं आणि शिट्टी तोंडात धरली. तो भडकला. "मानसं कुनाची हायती म्हाईत हाय का?" अप्पा शिट्टी न काढताच बोलले, "मानसं कुनाची बी असू द्या, गाडी साडेसातची हाय." आणि वाजवली. नंतर पाहुणे जीपनं गेले. अप्पांना त्याचा त्रास झालाच, पण गाडी साडेसातलाच सुटली होती.

अशा माणसानं आपल्या सगळ्या नोकरीत एकदाच गाडी अडवली. माझ्यासाठी.

मी नोकरीत नवा होतो. आदल्या दिवशी गावच्या जत्रेत काहीबाही खाल्लं होतं. सकाळच्या फेरीत पोटात कळा सुरू झाल्या आणि स्टँड दोन किलोमीटरवर असताना माझा ताबा सुटला. कंडक्टरच्या सीटवर, खाकी पँटीत. गाडी स्टँडला लागली, लोक उतरले, पावणेएकच्या दिंद्रुडचे लोक चढले, मी जागचा हललो नाही. हलणार कसा? नव्या लोकांनी नाकाला पदर लावले. कुणी म्हणालं, गाडीत काहीतरी मेलंय. मला वाटलं, ते मीच असतो तर बरं झालं असतं.

अप्पा गाडीच्या खिडकीपाशी आले. "भागवता, कावून बसायलास बे? सही कर ये." त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग वास आला असणार. ते परत गेले आणि स्पीकरवर आवाज आला, "दिंद्रुड गाडी टायरच्या कामामुळं पंचवीस मिंट लेट हाय. समद्यांनी खाली उतरून घ्या."

लोक शिव्या देत उतरले. एका धोतरवाल्यानं वाकून चारही बाजूंचे टायर बघितले आणि ओरडला, "टायर तर चांगलं हाय की! कावून उतरवलं?" अप्पा म्हणाले, "तुमी टायर बघायच्या नोकरीला हाव का मी?" गाडी रिकामी झाल्यावर ड्रायव्हरच्या दारातून दोन बादल्या पाणी आलं आणि पाठोपाठ त्यांची स्वतःची, पेटीतली जादा पँट आली. मला ती कमरेत चार बोटं ढगळ झाली. तिकिटांच्या बॅगेचा पट्टा आवळून मी ती दिवसभर घातली. दुसऱ्या दिवशी धुऊन परत न्यायला गेलो तर वहीतून मान वर न करता म्हणाले, "ठीव तुलाच. उपेगी पडंल."

त्या धोतरवाल्यानं तक्रार केली. अप्पांना मेमो आला. टायरचं काम वर्कशॉपच्या नोंदीत नाही, मग गाडी का थांबली, खुलासा करा. त्यांनी लिहिलेला खुलासा मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. एकच ओळ होती. 'उशीर माझ्यामुळे झाला.' मी पुढं होऊन खरं सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. अप्पांनी त्याबद्दल ना कधी डोळा बारीक केला, ना थट्टेत विषय काढला. मी मात्र पुढं आयुष्यभर माझी गाडी कधी लेट झाली नाही म्हणून मिरवलं.

अप्पा निवृत्त झाल्यावरही आमचं येणंजाणं राहिलं, कारण घरं एका गल्लीच्या अंतरावर होती. ऐंशीच्या पुढं त्यांचे गुडघे गेले. पायांवर सूज यायची, त्यासाठी डॉक्टरांनी लघवी साफ होण्याची गोळी दिली होती. कळ आली की थांबता येत नव्हतं, आणि गुडघ्यांना घाई जमत नव्हती. बाथरूम अंगणाच्या पलीकडं. मधल्या सात-आठ पावलांत जे व्हायचं ते व्हायचं.

मंगलवहिनी म्हणजे अप्पांच्या सूनबाई. नवरा दुकानात, म्हणून हे सगळं त्यांच्यावर आलं. पहिल्यांदा त्यांनी मोठ्या माणसांचं डायपर आणलं. अप्पांनी ते उघडून बघितलं, घडी घालून परत पिशवीत ठेवलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. वहिनी विचारायच्या, "अप्पा, जाऊन येता का बाथरूमला?" घरात कुणी बसलेलं असलं की ते म्हणायचे, "न्हाई." आणि पाच मिनिटांत सतरंजी ओली. मग ते भिंतीकडं तोंड करायचे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनींना शहाणपणाची गोष्ट सांगितली. तीन दिवस नुसतं लिहून ठेवा, कधी कधी होतं ते. मग त्या वेळेच्या थोडं आधीच घेऊन जा, कळ यायची वाट बघू नका. पाणी तोडू नका, फक्त संध्याकाळनंतरचा चहा कमी करा. वहिनींनी कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या. दोन-दोन तासांचं अंतर निघालं. लाडीगोडी करून धोतर गेलं आणि बिननाडीचा, इलास्टिकचा पायजमा आला. पण विचारलं की 'न्हाई', हे काही सुटेना.

एका सकाळी दिवाणखान्यात चार माणसं बसलेली. मीही होतो. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "अप्पा, दहा-चाळीसची धारूर लागली."

अप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "धारूर दहा-चाळीसला कदीच नव्हती. दहा-पंचेचाळीस."

"नवं टाइमटेबल लागलंय."

"असं व्हय," म्हणत अप्पांनी वॉकर ओढला आणि उठले. पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्याला जुन्या नोकरीचा चाळा आहे. अप्पा कोरडे परत आले, खुर्चीत बसले आणि पाहुण्यांना विचारलं, "हां, काय मनत हुते?" त्या दिवशी मी त्यांना कित्येक महिन्यांनी हसताना पाहिलं.

मग दिवसाचं सगळं टाइमटेबल ठरलं. सहा-पंचवीसची अंबाजोगाई, साडेआठची बीड, दहा-चाळीसची धारूर, पावणेएकची दिंद्रुड. अप्पा पुन्हा ओट्यावर बसू लागले, देवळात जाऊ लागले, लोकांत मिसळू लागले. दिवसातून सात गाड्यांवर एका माणसाची अब्रू चालली होती आणि ती वहिनी एकट्या चालवत होत्या.

माझ्या निरोपसमारंभाला अप्पांच्या हातून हार घ्यायचा, हा हट्ट माझा. ते नको म्हणत होते. मीच दोनदा घरी जाऊन गळ घातली. स्टँडसमोर मंडप, स्टेज, पांढऱ्या खोळींचे सोफे. वहिनी अप्पांना रिक्षानं घेऊन आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, दहा-चाळीसची झाली हाय. पावणेएकला फकस्त त्यांच्या कानाशी मना, दिंद्रुड लागली. हात द्या आन् स्टेजमागच्या बाथरूमला न्या, मी बघून आले. मी बायात बसते, मला तितं सायबांच्या फुडून स्टेजवर चढता यायचं न्हाई." मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही बिनघोर बसा. दिंद्रुड मला सांगायला पाहिजे का?"

कार्यक्रम साडेबाराला संपायचा होता. साडेबाराला डेपोचे साहेब बोलायला उभे राहिले. साहेब माझ्याबद्दल बोलत होते. भागवतरावांची गाडी तीस वर्षांत एकदाही लेट झाली नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यावर फेटा, गळ्यात पाच हार. मी मान खाली घालून, संकोचल्यासारखं दाखवत, एकेक शब्द गिळत होतो.

पावणेएक झाले ते मी पाहिलं. विसरलो असं म्हणायची सोय नाही. घड्याळ समोरच होतं. शेजारी अप्पा आधी घड्याळाकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागले. सोफ्याच्या हातावरचं एक बोट उचललं फक्त. उठायचं, त्यांना हात द्यायचा, दहा पावलं न्यायचं, एवढंच होतं. स्टँडसमोरच तर होतो, माइकवरून 'दिंद्रुड गाडी लागली' असा पुकारा केला असता तर कुणी मान वळवून पाहिलं नसतं. पण साहेबांचं बोलणं तुटलं असतं. माझ्याबद्दलचं बोलणं. मी अप्पांकडं बघून तळहात खाली दाबला. थांबा.

अप्पा थांबले. एक वाजेपर्यंत दोन्ही हातांनी गुडघे धरून थांबले. मग पांढरी खोळ भिजली आणि पाणी स्टेजच्या उतारावरून पहिल्या रांगेच्या पुढ्यात टपटप पडायला लागलं. बायांनी लुगडी आवरली. मागून कुणीतरी हसलं. साहेब वाक्याच्या मध्येच थांबले.

वहिनी ज्या स्टेजवर चढता येणार नाही म्हणाल्या होत्या, त्याच्यावर धावत चढल्या. थोड्या वेळापूर्वी अप्पांच्या खांद्यावर घातलेली सत्काराची शाल ओढून त्यांनी कमरेला गुंडाळली आणि त्यांना उभं केलं. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अप्पा मात्र माझ्यासमोर थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "भागवता, मी तुझा कार्यक्रम नासवला रं."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "चालतंय अप्पा." मीच त्यांना माफ केल्यासारखं. ते दोन शब्द आठवले की आजही भर दुपारी माझे कान तापतात.

आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक ड्रायव्हर म्हणाला, "अप्पाची टाकी लीक झालीया जनू," तेव्हा चारचौघांसोबत मीही हसलो. मोठ्यानं नाही. पण हसलो.

मग मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळलं. घरी सांगायचो, पेन्शनच्या कागदांची धावपळ आहे. तिकडं अप्पांनी पाणी सोडलं होतं. ड्यूटीवरची जुनी युक्ती. वहिनी तांब्या भरून ठेवायच्या, ते खिडकीबाहेरच्या जास्वंदीला घालायचे. जास्वंद अशी फुलली की वहिनींना उलट कौतुक वाटलं. पंधरा दिवसांनी अप्पांना थंडी वाजून ताप आला, लघवीला आग, आणि ते भ्रमात बरळायला लागले. पलंगावरून पुकारा करत होते, परळी, अंबाजोगाई, धारूर, लेकरं मोजून घ्या. डॉक्टरीणबाई वहिनींना म्हणाल्या, पाणी तोडून लघवी थांबत नसते, उलट ती जळजळीत होते, जंतू धरतात आणि ताबा आणखी सुटतो. सलाईन लागली, इंजेक्शनं झाली. अप्पा वाचले, पण निम्मे झाले.

हे सगळं मला वहिनींनी माझ्या दारात उभं राहून सांगितलं. मला वाटलं भांडायला आल्या. त्या म्हणाल्या, "दोपारच्याला ह्यांचा डबा घेऊन दुकानात जावं लागतं. पावणेएकची तुमी घेताव का भाऊजी? दुसऱ्या कुनाबरूबर ते उठनार न्हाईत." मी हो म्हणालो. मान वर करायचं धाडस झालं नाही.

चार महिने मी ती गाडी घेतली. बाराला जायचो, आधी पेलाभर पाणी पाजायचो, समोर बसून, शेवटच्या घोटापर्यंत. पावणेएकला म्हणायचो, "अप्पा, दिंद्रुड लागली." काखेत हात घालून उठवायचो. पाय ठरेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, हे वहिनींनी शिकवलं होतं. पाय ठरले की अप्पा पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटानं दोनदा वाजवायचे. कंडक्टरची डबल बेल, म्हणजे चला. मग आम्ही निघायचो. झाल्यावर लगेच उठायचं नाही, दोन मिनिटं बसून पुन्हा करायचं, मग यायचं. कोरडे परत आलो की ते म्हणायचे, "राइट टाइम." एकदा मी धीर करून तोंड उघडलं, "अप्पा, त्या दिवशी स्टेजवर..." त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "आज ऊन लई हाय न्हाई?" म्हणाले.

मला वाटायला लागलं की फिटतंय. रोज थोडं थोडं फिटतंय. माणूस स्वतःला किती लवकर माफ करून टाकतो!

त्या गुरुवारी स्टँडवर दोन नवे कंडक्टर भेटले. काका, तीस वर्षांत गाडी खरंच एकदाही लेट झाली नाही का, त्यांनी विचारलं. मी चहा सांगितला आणि सुरू झालो. किस्से संपेनात. घड्याळाकडं नजर गेली तेव्हा एक वाजून गेला होता.

मी पळत पोचलो. अप्पा पलंगाच्या काठावर बसले होते. दांडी धरून एकट्यानं उठायचा प्रयत्न केलेला दिसत होता, वॉकर आडवा पडला होता. पायजमा ओला, खाली थारोळं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला माझी ती सीट आठवली, नाकाला पदर लावलेले लोक आठवले. मी काही बोलायच्या आत मागं पावलं वाजली. वहिनी रिकामा डबा घेऊन परतल्या होत्या. त्यांनी फरशी पाहिली, माझ्या तोंडावरचा घाम पाहिला.

"भाऊजी, कदी आलाव तुमी?"

अप्पांनी मला बोलू दिलं नाही. खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "त्यो येळेवर आलता. मलाच डोळा लागला. लई हाका मारल्या त्यानं. उशीर माझ्यामुळं झाला."

तीच ओळ. तीस वर्षांपूर्वीची.

आणि मी पुन्हा गप्प बसलो. वहिनींनी त्यांचं अंग पुसलं, पायजमा बदलला, मी फडक्यानं फरशी पुसली. फरशी पुसताना तरी सांगता आलं असतं. वहिनी उलट मला म्हणाल्या, "तुमी कावून पुसताव भाऊजी, ठिवा." वहिनींना मी हे अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर त्या वाचतील. वहिनी, मी एक वाजून दहा मिनिटांनी आलो होतो.

अप्पा त्या रविवारी सकाळी गेले, झोपेतच. मधले दोन दिवस मी तोंड दाखवायला गेलो नव्हतो, ताप आहे असा निरोप धाडला होता. त्यामुळं माझ्यासाठी अप्पा गुरुवारचेच राहिले. धुतलेल्या पायजम्यात उशीला टेकून बसलेले, कपाळावरचं भस्म घामानं फिसकटलेलं. मी पायाशी उभा होतो. काहीतरी म्हणेन म्हणून ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो नाही. मग त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, हात लांबवला आणि लोखंडी दांडीवर बोटानं दोनदा वाजवलं.

मी चपला घातल्या आणि निघालो.